मातीतून निसटलेले कॅल्शियम : ईशान्य अमेरिकेतील वनऱ्हासाची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील कॅमल्स हंप या डोंगरावर रेड स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षांची १९६० च्या दशकाच्या मध्यावर मोजणी झाली होती. १९७९ मध्ये ती पुन्हा करण्यात आली, तेव्हा या वृक्षांचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटल्याचे दिसले. तेथे कुऱ्हाड चाललेली नव्हती, वणवा लागलेला नव्हता. दुष्काळ, कडाक्याची थंडी, किडी अशी अनेक कारणे पुढे आली. प्रत्येकात काही तथ्य होते. मात्र पूर्वीही दुष्काळ आणि थंडी सोसलेली ही झाडे आताच का खचावीत, याचे उत्तर त्यांपैकी एकातही नव्हते.

त्या उत्तराची सामग्री शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये आधीपासूनच जमा होत होती. तेथील हबर्ड ब्रुक प्रायोगिक वनात जीन लायकेन्स, हर्बर्ट बोरमन, नॉय जॉन्सन आणि रॉबर्ट पिअर्स यांनी १९६३ मध्ये एक साधी वाटणारी, पण कमालीच्या चिकाटीची पद्धत सुरू केली. एका लहान पाणलोटात पावसाबरोबर कोणती द्रव्ये येतात आणि ओढ्याच्या पाण्याबरोबर कोणती बाहेर जातात, याचा ताळेबंद त्यांनी वर्षानुवर्षे मांडला. पावसाचा पहिलाच नमुना त्यांना चकित करून गेला. स्वच्छ पावसाचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी, तितके आम्ल जास्त) साधारण ५.६ असतो, या नमुन्याचा ३.७ होता. कोळसा जाळणाऱ्या वीजकेंद्रांतून निघालेला सल्फर डायऑक्साइड वाऱ्याबरोबर दूरवर येऊन आम्लाच्या रूपाने या दुर्गम डोंगरांवर उतरत होता, हे पुढील दशकात स्पष्ट झाले.

याच सुमारास जर्मनीतील झोलिंगच्या डोंगररांगेत ग्यॉटिंगेनचे मृदाशास्त्रज्ञ बर्नहार्ड उलरिख यांनी बीच आणि स्प्रूसच्या वनांत तशाच नोंदी ठेवल्या आणि आम्लाचा खरा घाव पानांपेक्षा मुळांवर बसतो, अशी मांडणी केली. १९८१ नंतर तेथील वृत्तपत्रांनी ‘वनमृत्यू’ची हाक दिली, हेलिकॉप्टरमधून जंगलांवर चुना टाकण्यात आला आणि १९८५ च्या हेलसिंकी करारात गंधकाचे उत्सर्जन १९८० च्या तुलनेत किमान ३० टक्क्यांनी घटवण्याचे ठरले. जंगले सरसकट मेली नाहीत, म्हणून हा सारा प्रकार कांगावा होता असे पुढे अनेकांनी म्हटले. भाकिते अतिरंजित होती हे मान्य करावे लागते. त्यांच्या मुळाशी असलेले रसायनशास्त्र मात्र टिकून राहिले.

ते रसायनशास्त्र असे आहे. मातीच्या चिकणकणांवर आणि कुजलेल्या पालापाचोळ्यावर ऋण विद्युतभार असतो आणि त्याला कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे धन आयन चिकटून असतात. झाडाची मुळे आपला पुरवठा तेथूनच घेतात. आम्लातील हायड्रोजन आयन त्यांना हुसकावून त्यांच्या जागा बळकावतात आणि पावसाबरोबर आलेले सल्फेट हे सुटे झालेले आयन निचऱ्याच्या पाण्यातून ओढ्याकडे घेऊन जाते. सामू पाचच्या खाली घसरला की खनिजांत बंदिस्त असलेले ॲल्युमिनियम विरघळू लागते. हे ॲल्युमिनियम तंतुमुळांवर कॅल्शियमची वाट अडवते. म्हणजे मातीतील कॅल्शियमच आधी कमी होते आणि जे उरते तेही झाडाच्या हाती पूर्णपणे लागत नाही. पेशीभित्तिकांची बांधणी, जखम भरणे, पर्णरंध्रांची उघडझाप, थंडी सोसणे या सर्व कामांना कॅल्शियम लागत असल्याने असे झाड लगेच मरत नाही. ते दुबळे होते आणि किडीचे वा कडक हिवाळ्याचे निमित्त झाले की कोसळते. दख्खनच्या काळ्या जमिनीतील चुनखडीला वैतागलेल्या वाचकाला कॅल्शियमचा तुटवडा ही कल्पना विचित्र वाटेल. पण कॅल्शियमने समृद्ध असलेला आपला बेसाल्ट तेथे नाही, आणि तेथील बराचसा खडक ग्रॅनाइटसारखा, कॅल्शियमने गरीब आणि सावकाश झिजणारा आहे.

पेनसिल्व्हेनियात हाच फरक शुगर मेपल या वृक्षाच्या बाबतीत दिसून आला. हिमनद्या जेथे पोहोचल्या नव्हत्या, अशा पठारावरील उतारांच्या वरच्या भागात माती फार जुनी आणि निचरून गेलेली आहे. पाने खाणाऱ्या अळ्यांच्या हल्ल्यानंतर तेथील मेपल मोठ्या प्रमाणावर मेले. १९८५ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात हेक्टरी २२.४ टन डोलोमाइट चुना टाकल्यावर मेपल सावरले. शेजारच्या बीच आणि ब्लॅक चेरी या झाडांना मात्र त्याचा काही लाभ झाला नाही.

१९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातील दुरुस्तीनंतर अमेरिकेतील गंधकाचे उत्सर्जन घटले आणि जंगले आपोआप सावरतील, अशी अपेक्षा निर्माण झाली. १९९६ मध्ये लायकेन्स, चार्ल्स ड्रिस्कॉल आणि डोनाल्ड ब्यूसो यांनी हबर्ड ब्रुकच्या तीन दशकांच्या नोंदींवरून ती खोडून काढली : मातीतील कॅल्शियमचा मोठा साठा आधीच वाहून गेला होता आणि तो भरून निघण्याचा वेग अत्यंत मंद होता. या निष्कर्षाची कसोटी ऑक्टोबर १९९९ मध्ये लागली. ११.८ हेक्टरच्या एका पाणलोटावर वोलॅस्टोनाइटच्या, म्हणजे कॅल्शियम सिलिकेटच्या, गोळ्या हेलिकॉप्टरने पसरवण्यात आल्या. २००३ च्या हिवाळ्यात तेथील स्प्रूसला थंडीची इजा आसपासच्या झाडांपेक्षा स्पष्टपणे कमी झाली, मेपलचे शेंडे पुन्हा दाट झाले आणि वनाची थांबलेली वाढ सुरू झाली. कॅल्शियमबद्दलचा वाद या प्रयोगाने बराचसा मिटवला, असे माझे मत आहे; चुना टाकणे हा सरसकट उपाय आहे, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. सामू वाढल्यावर जमिनीवरील सेंद्रिय थर घटला आणि सुमारे दशकभरानंतर त्या पाणलोटाच्या ओढ्यात नायट्रेटचे प्रमाण वाढू लागले.

उपचार न केलेल्या मातीचे चित्र संमिश्र आहे. ईशान्य अमेरिका आणि पूर्व कॅनडातील जुन्या ठिकाणांहून पुन्हा घेतलेल्या मृदानमुन्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. वरच्या सेंद्रिय थरातील ॲल्युमिनियम बहुतेक ठिकाणी कमी झाल्याचे त्यात आढळले. त्याखालील खनिज थरात मात्र तशी सुधारणा दिसली नाही.