आघात सोसलेल्या शरीराला पुन्हा आपलेसे करताना

योगवर्गात शिक्षकांनी विद्यार्थ्याचा वाकलेला खांदा हाताने सरळ करणे आपल्या ओळखीचे आहे. मानसिक आघात सोसलेल्यांसाठी अमेरिकेत डेव्हिड इमर्सन यांनी विकसित केलेल्या योगपद्धतीत मात्र शिक्षक कोणालाही स्पर्श करत नाहीत आणि "हात वर करा" अशी आज्ञाही देत नाहीत. "वाटल्यास हात वर न्या, नको वाटले तर राहू द्या" एवढेच सुचवतात. माझ्या मते या पद्धतीचे मर्म या मोकळिकीत आहे.

अत्याचार किंवा युद्ध यांतून वाचलेल्या माणसाचे शरीर धोका टळल्यावरही सावध राहते. दार आपटल्याच्या आवाजानेही मेंदूतील अमिग्डाला धोक्याचा इशारा देतो, छाती धडधडते, श्वास उथळ होतो, स्नायू आखडतात. काहींचे तर अंगच बधिर होते. घडलेले शब्दांत सांगणे अनेकांना असह्य वाटते. अशा वेळी मांडीला बसणारा ताण ओळखणे आणि तो नकोसा होताच पाय सैल सोडणे ही साधी कृतीही, ज्या शरीरावर एकेकाळी दुसऱ्याची सत्ता चालली त्याच्याविषयीचा निर्णय पुन्हा स्वतः घेण्याचा सराव ठरते.

मनोविकारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अशा योगाच्या चाचणीत, इतर उपचारांना दाद न देणारा आघातोत्तर तणाव विकार (पीटीएसडी) असलेल्या 64 स्त्रिया होत्या. आठवड्यातून एक तास याप्रमाणे दहा आठवड्यांनंतर योगगटातील 31 पैकी 16 जणी या विकाराच्या निकषांबाहेर आल्या, तर आरोग्यशिक्षण घेतलेल्या गटातील 29 पैकी 6. आकडे आशादायक असले तरी गट लहान होते, आणि योग इथे पूरक उपचार म्हणूनच दिला गेला होता, हे विसरता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये ज्यांची शिफारस केली, ते आघातकेंद्री वर्तनोपचार आणि डोळ्यांच्या हालचालींवर आधारित उपचार सोडून केवळ आसनांवर विसंबणे धोक्याचे आहे.

स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात 1924 मध्ये कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापून योगाला प्रयोगशाळेत नेले, त्यामुळे योगाची अशी कसोटी आपल्याला परकी वाटू नये. मात्र आघात सोसलेल्यांसाठी नेहमीचा वर्ग जसाच्या तसा चालत नाही. आपण ज्याला विश्रांती म्हणतो त्या शवासनात डोळे मिटून उताणे पडणे हेच काहींना भयावह वाटते. त्यांना भिंतीला पाठ टेकून, डोळे उघडे ठेवून, दार दिसेल असे बसू द्यावे लागते.