कणवर्षावाचं गणित संगणकांच्या रांगेत कसं आलं

संस्थेच्या सामायिक क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर, पहिल्यांदा जिआंट-४ (कणांच्या पदार्थातल्या प्रवासाची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) चालवणाऱ्या विद्यार्थ्याला ठरावीक प्रश्न पडतात. एक मोठा जॉब (संगणकाला दिलेलं काम) लावायचा की शंभर छोटे? प्रत्येक जॉबला वेगळा सीड, म्हणजे रँडम आकड्यांची मालिका सुरू करणारा आकडा, कशाला? रूट परवानगी, म्हणजे यंत्रणेवरचा पूर्ण ताबा, का मिळत नाही? या प्रश्नांची उत्तरं मॅन्युअलमध्ये सापडतात. त्यांमागची कारणं मात्र बऱ्याच जुन्या काळात आहेत आणि ती माहीत असली की क्लस्टरवरचं काम खरोखर समजून करता येतं.

सुरुवात १९३७ पासून करावी लागेल. केंब्रिजमध्ये असलेल्या होमी भाभांनी वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत वैश्विक किरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला. वेगवान इलेक्ट्रॉन पदार्थात शिरला की फोटॉन (प्रकाशकण) बाहेर टाकतो, त्या फोटॉनमधून इलेक्ट्रॉन आणि त्याचा धनभारित जोडीदार पॉझिट्रॉन यांची जोडी जन्मते, तीही पुढे तेच करते आणि ऊर्जा संपेपर्यंत ही साखळी वाढत जाते. या सिद्धांतातून किती खोलीवर सरासरी किती कण असतील ते काढता येत होतं. पण डिटेक्टर, म्हणजे कण टिपणारं उपकरण, बांधणाऱ्याला नुसती सरासरी पुरत नाही. एकाच ऊर्जेचे दोन इलेक्ट्रॉन शिशात शिरले तरी दोन वेगळे वर्षाव होतात आणि मोजमापाची अचूकता त्या फरकावरच ठरते.

हा फरक मोजायचा तर एकेका कणाचा पाठलाग करायला हवा. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी १९५२ साली तो चक्क हातांनी केला. शिशाची जाडी त्यांनी रेडिएशन लांबीच्या (त्या पदार्थात वर्षाव किती वेगानं वाढतो हे ठरवणाऱ्या अंतराच्या) एक पंचमांशाच्या तुकड्यांत विभागली. प्रत्येक तुकड्यात कणाचं काय होणार, हे ते चक्र फिरवून सिलिंडरवर काढलेल्या आलेखांवरून ठरवत. स्टानिस्लॉ उलाम आणि जॉन फॉन नॉयमन यांची माँटे कार्लो पद्धत, म्हणजे रँडम आकडे काढून उत्तर शोधण्याची पद्धत, त्याआधीच, १९४८ मध्ये, एनिॲक संगणकावर न्यूट्रॉनच्या प्रवासासाठी वापरली गेली होती. माझ्या मते आजच्या सिम्युलेशनचा गाभा विल्सन यांच्या त्या चक्रातच आहे: पाऊल टाका, नशीब काढा, पुढचं पाऊल टाका. आज चक्राच्या जागी रँडम आकड्यांची मालिका आहे, इतकंच.

सर्न या जिनिव्हाजवळच्या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेत जिआंटची पहिली आवृत्ती १९७४ ची. १९८० च्या दशकातली तिसरी आवृत्ती फोरट्रान या संगणकभाषेत होती आणि सर्नच्या लेप प्रवेगकावरच्या प्रयोगांचा मोठा आधार ठरली. पण कणांच्या टकरी घडवणाऱ्या सर्नच्या एलएचसी प्रवेगकाच्या डिटेक्टरांची तयारी सुरू झाली, तेव्हा तो कोड वाढवणं अवघड होऊ लागलं. सर्न आणि जपानच्या केईके प्रयोगशाळेत १९९३ साली स्वतंत्रपणे त्यावर विचार सुरू झाला. पुढच्या वर्षी दोघांचा मिळून प्रकल्प उभा राहिला आणि डिसेंबर १९९८ मध्ये सी++ मध्ये नव्यानं लिहिलेलं जिआंट-४ बाहेर आलं. त्यातल्या एका भौतिकी मॉडेलच्या नावात आजही शास्त्रज्ञ मोलर आणि भाभा शेजारी शेजारी उभे आहेत.

संगणकाची बाजू याच काळात बदलत होती. एका टकरीतल्या कणांचा दुसऱ्या टकरीशी संबंध नसल्यामुळे हे काम हवं तितक्या तुकड्यांत वाटता येतं. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८८ पासून कॉन्डॉर ही प्रणाली रिकाम्या वर्कस्टेशनांवर लोकांचे जॉब पाठवत होती. आज एचटीकॉन्डॉर या नावानं ती सर्नमध्येही चालते. २००१ मध्ये सर्नच्या कौन्सिलनं एलएचसीच्या ग्रिडला, म्हणजे अनेक केंद्रांतले संगणक जोडणाऱ्या जाळ्याला, मान्यता दिली आणि देशोदेशीची केंद्रं जोडली गेली. त्यात एलएचसीवरच्या सीएमएस प्रयोगासाठी मुंबईची टीआयएफआर ही संशोधन संस्था आहे आणि ॲलिस प्रयोगासाठी कोलकात्याचं व्हीईसीसी हे केंद्र.

सीडचा प्रश्न इथेच उभा राहतो. शंभर जॉबना एकच सीड दिला, तर शंभर नोड (क्लस्टरमधले एकेक संगणक) तोच वर्षाव शंभर वेळा मोजतात. एकही एरर येत नाही, फायली भरतात, आकडेवारी भक्कम दिसते आणि निष्कर्ष चुकीचा निघतो. नवख्या माणसाला मी सर्वांत आधी हीच गोष्ट सांगेन.

मेमरीची अडचण नंतरची. प्रोसेसरमध्ये कोअर (स्वतंत्रपणे गणना करणारे भाग) वाढत गेले, पण प्रत्येक जॉब डिटेक्टरची भूमिती आणि भौतिकीचे तक्ते यांची स्वतःची प्रत घेऊन बसायचा. सगळे कोअर कामाला लावण्याआधीच नोडची मेमरी संपायची. डिसेंबर २०१३ च्या १०.० आवृत्तीत मल्टिथ्रेडिंग आलं: घटना (एकेक टक्कर) थ्रेडांत, म्हणजे एकाच जॉबच्या समांतर धाग्यांत, वाटल्या जातात, भूमिती आणि तक्ते मात्र सगळ्यांत सामायिक राहतात. आता पूर्ण नोड मागून एकच जॉब चालवणं शहाणपणाचं ठरू शकतं.

उरला रूट परवानगीचा प्रश्न. शेकडो लोक एकच यंत्रणा वापरतात, तिथे ती कुणा एकाला देता येत नाही. २०१३ मध्ये आलेलं डॉकर प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सॉफ्टवेअर एका कंटेनरमध्ये बांधतं, पण त्याला तीच परवानगी लागत होती. त्यामुळे लोकप्रिय होऊनही ते सामायिक क्लस्टरांच्या दाराशीच अडलं. ही अडचण ओळखून लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत सिंग्युलॅरिटी हे रूट परवानगीशिवाय कंटेनर चालवणारं साधन तयार झालं, त्याचंच आजचं नाव ॲपटेनर. जून २०२४ मध्ये सेंटओएस ७ या ऑपरेटिंग सिस्टिमची मुदत संपली, तेव्हा जुन्या प्रयोगांचा कोड चालता ठेवायला अशा कंटेनरांचा मोठा उपयोग झाला.

सध्याची ओढाताण जीपीयूवरून, म्हणजे मूळ चित्रांसाठी बनलेल्या प्रोसेसरवरून, आहे. नव्या महासंगणकांची ताकद मुख्यतः तिथे आहे. पण जीपीयूला एकच सूचना असंख्य आकड्यांवर एकदम चालवायला आवडते आणि वर्षावातला प्रत्येक कण वेगळ्या वाटेनं जातो. सर्नमधला ॲडेप्ट आणि अमेरिकेतला सेलेरिटास हे प्रकल्प इलेक्ट्रॉन, पॉझिट्रॉन आणि फोटॉन यांचा पाठलाग जीपीयूवर नेत आहेत, म्हणजे भाभा आणि हाइटलर यांनी हाताळलेलाच भाग. हॅड्रॉनांचं (प्रोटॉन, न्यूट्रॉनसारख्या कणांचं) काम अजून बरंचसं सीपीयूवर, म्हणजे नेहमीच्या प्रोसेसरवरच होतं.