मायेच्या स्पर्शाचा संथ मज्जातंतू

लग्नसराईत मांडवाच्या दारात व्याही एकमेकांना कडकडून भेटतात. दसऱ्याला सोनं देताना, ईदच्या दिवशी नमाजानंतर आपल्या मराठवाड्यात माणसं उराउरी भेटतात. त्याच गर्दीत एखादं लेकरू पाहुण्यानं जवळ ओढलं की अंग आखडून घेतं आणि लगेच शेरा येतो, "लईच तुसडं हाय बाई हे!" आई बिचारी ओशाळते. हा शेरा मला फार खटकतो. स्पर्श नकोसा वाटणं हा काही वळणाचा दोष नाही.

हलका स्पर्श कळण्यासाठी आपल्या त्वचेत दोन वेगळ्या जातींचे मज्जातंतू आहेत. एक जात वेगवान. तिच्यावर मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचं आवरण असतं, त्यामुळे संदेश सेकंदाला ३० ते ७० मीटर वेगानं धावतो. काय लागलं, कुठं लागलं, हे ती सांगते. दुसऱ्या जातीवर आवरणच नाही. तिचा वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर, म्हणजे चालत्या माणसासारखा. हे सी-टॅक्टाइल तंतू. स्वीडिश शास्त्रज्ञ इंग्वे झॉटरमन यांना १९३९ मध्ये मांजरात हलक्या स्पर्शाला दाद देणारे असे संथ तंतू सापडले. माणसात ते दिसायला पुढे अर्धशतक लागलं.

ते तपासायची रीत विलक्षण आहे. हाताच्या मज्जातंतूंच्या जुडीत टंगस्टन धातूची अतिबारीक सुई सरकवायची आणि एकाच तंतूतले विद्युत संदेश टिपत बसायचं. मऊ ब्रश सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगानं फिरला की हे तंतू सर्वाधिक संदेश सोडतात. त्याहून हळू किंवा झपाट्यानं फिरवला की संदेश कमी होतात. २००९ मध्ये असं दिसलं की माणसं ज्या वेगाला 'छान वाटतं' म्हणतात, तोच या तंतूंचाही आवडता वेग. आणि तापमान? सुमारे ३२ अंश, म्हणजे साधारण आपल्या कातडीचंच! झोपणाऱ्या बाळाच्या पाठीवरून आजीचा हात याच वेगानं फिरतो, तिला कुणी शिकवलेलं नसतं.

२००२ मध्ये हाकन ओलाउसन आणि सहकाऱ्यांनी अशा एका स्त्रीचा अभ्यास मांडला, जिचे वेगवान तंतू आजारानं निकामी झाले होते. तळहातावर ब्रश फिरवला तर तिला काहीच कळेना. संथ तंतू असतात त्या हाताच्या केसाळ भागावर फिरवला की मात्र काहीतरी अंधूक, सुखद जाणवे. संथ तंतूंचा संदेश मेंदूतल्या इन्सुला या भागाकडे जातो आणि तिथं भावनेशी जोडला जातो. मिठीतला दाब मात्र मुख्यतः इतर ग्राहकपेशी टिपतात. पाठीवरून फिरणारा हात हा या तंतूंचा प्रांत.

पण स्पर्श 'कसा' यावर सगळं ठरत नाही. २०१२ च्या एका प्रयोगात पुरुषांच्या पायावरून हात फिरवला गेला. हात दर वेळी स्त्रीचाच होता, समोरच्या चित्रफितीत मात्र कधी स्त्री दिसे, कधी पुरुष. तेवढ्यानं स्पर्शाची पहिली नोंद घेणाऱ्या मेंदूच्या भागातलीसुद्धा हालचाल बदलली. म्हणजे 'हे कोण?' हा प्रश्न अगदी सुरुवातीलाच मिसळलेला असतो.

म्हणूनच 'वीस सेकंद मिठी मारा, ऑक्सिटोसिन वाढेल, आजार पळतील' असे व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश मला पटत नाहीत. हात फिरवून रोग उतरवणाऱ्या बुवांचाच दावा, फक्त शब्द रसायनशास्त्राचे. हे संप्रेरक मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतं, प्रसूतीच्या कळा आणि दुधाचा पान्हा घडवतं. म्हशींना चोरून टोचतात ते इंजेक्शन याचंच. रोजचा हात कासेला लागला की म्हशीच्या शरीरात ते आपोआप सुटतं. धारेला परका माणूस बसला, जनावर बुजलं, की अ‍ॅड्रेनलिन हे भीतीच्या वेळी सुटणारं संप्रेरक आडवं येतं. कासेत दूध असतं, हातही तसाच फिरत असतो, तरी म्हैस पान्हा चोरते.