मनाच्या आजारावरचे उपचार गावात कसे पोचले

महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये चार : येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. सगळी इंग्रजांच्या काळातली. घरातलं माणूस फारच बिघडलं तर तिथे भरती करायचं, नाहीतर भगत-देवर्षीकडे न्यायचं, एवढेच रस्ते कित्येक पिढ्यांना ठाऊक होते. झोप उडालेल्या, कशातच जीव न रमणाऱ्या, घरचं सगळं उरकून एकटीच रडणाऱ्या बाईने कुठे जायचं, याला उत्तर नव्हतं.

ते शोधायला आधी सरकारी संस्थाच पुढे आल्या. १९७५च्या सुमारास बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने जवळच्या सकलवाड्यात आणि चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेने हरियाणातल्या रायपूर राणीत साध्या आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना मानसिक आजार ओळखायला शिकवलं. पुढे १९८२चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात तो राबवून पाहण्याचा प्रयोग झाला आणि १९९६मध्ये चार जिल्ह्यांपासून जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. आराखडा चांगला होता. पण जिल्ह्याला मानसोपचारतज्ज्ञ मिळेना, मिळाला तरी ओपीडीत गोळ्या लिहून देण्यापलीकडे त्याला वेळ मिळेना. रुग्णाशी बसून बोलणारं माणूस या रचनेत जवळपास नव्हतंच. ती उणीव स्वयंसेवी संस्थांनी भरून काढली, आणि माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम हेच.

आपल्याकडे याची सुरुवात व्यसनमुक्तीपासून झाली. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी अनिल अवचटांच्या साथीने आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर १९८६मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, तेही त्याच रुग्णालयाच्या आवारात. तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढे समुपदेशक झाली, रुग्णांच्या बायकांसाठी वेगळे गट चालू लागले. स्वतः भोगलेल्या माणसाचा शब्द रुग्णाला पटतो, हे इथे रोज दिसत होतं. चेन्नईत डॉ. शारदा मेनन यांनी १९८४मध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी स्कार्फ ही संस्था काढली. ठाण्यात १९९०मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था आली.

खरी कलाटणी मिळाली ती गोव्यात. १९९६मध्ये स्थापन झालेल्या ‘संगथ’ या संस्थेने, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने, एक धाडसी प्रश्न विचारला : समुपदेशन तज्ज्ञानेच करायला हवं का? ‘मानस’ या प्रयोगात १२ सरकारी आणि १२ खासगी दवाखाने घेतले. अंग दुखतं, थकवा जात नाही, डोकं जड राहतं म्हणून येणाऱ्यांना तोवर टॉनिक आणि झोपेची गोळी मिळे. आता निम्म्या दवाखान्यांत प्रत्येकाला आधी एक छोटी प्रश्नावली विचारली जाई. नैराश्य किंवा चिंतेची खूण दिसली की समुपदेशक शेजारी बसे. ही समुपदेशक म्हणजे सुमारे दोन महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेली स्थानिक पदवीधर बाई. हे दुखणं कशामुळे येतं ते ती समजावून सांगे, श्वासाचे व्यायाम शिकवी, घरातली भांडणं, कुणाचं जाणं, एकटेपण यांवर बोलू देई. गरज असेल तर डॉक्टर औषध सुरू करत, आणि अवघड रुग्ण मानसोपचारतज्ज्ञाकडे जाई.

निष्कर्ष २०१०मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. सरकारी दवाखान्यांत सहा महिन्यांनी बरे झालेले रुग्ण समुपदेशक असलेल्या ठिकाणी सुमारे ६६ टक्के होते, नसलेल्या ठिकाणी ४२. खासगी दवाखान्यांत मात्र फरक पडला नाही. तिथला डॉक्टर बहुधा ओळखीचा, विचारपूस करणारा. तेच निम्मं औषध असावं.

हीच रीत मग विदर्भात आली. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. सुरुवातीला नैराश्याच्या १०० रुग्णांपैकी जेमतेम चार उपचारांपर्यंत पोचत. दीड वर्षाने २७ पोचू लागले. नाशिकच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ या प्रकल्पाने गावातल्याच माणसांना या कामासाठी तयार केलं. ती मन हलकं करायला मदत करत, शिवाय विधवा पेन्शन, अपंगांच्या सवलती यांसाठीही सोबत जात. हा भाग मला फार मोलाचा वाटतो, कारण रेशन बंद झालेल्या बाईला नुसतं समुपदेशन पुरत नाही. पुण्यात भार्गवी दावर यांच्या बापू ट्रस्टनेही वस्त्यांमध्ये, समुपदेशनासोबत रोजच्या जगण्यातली मदतही हवी, हाच आग्रह धरला.

कायदा बदलायला मात्र एक भीषण घटना कारण ठरली. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले. तिथून सुरू झालेला रेटा २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यापर्यंत पोचला. त्याच्या मसुद्यात पुण्याचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. सौमित्र पाठारे यांचा वाटा होता, आणि शक्यतो घराजवळ उपचार मिळणं हा त्यात रुग्णाचा हक्क ठरला.

आता सरकारनेही ही पद्धत उचलली आहे. विदर्भ-मराठवाड्यात ‘प्रेरणा प्रकल्पा’त आशाताई घरोघरी जाऊन शेतकऱ्यांच्या मनःस्थितीची चौकशी करतात, २०२२पासून १४४१६ वर ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे. पण संस्थांच्या प्रयोगांत समुपदेशकाच्या पाठीशी सतत कुणीतरी अनुभवी माणूस असे, अवघड केसवर नियमित चर्चा होई. प्रकल्पाचा निधी संपला की सगळ्यात आधी हीच देखरेख सुटते. आधीच डझनभर कामं ओढणाऱ्या आशाताईला ‘मला जगायचं नाही’ असं कुणी म्हणालं, तर त्याच संध्याकाळी तिने कुणाला फोन करायचा, हे तिच्या जिल्ह्याने ठरवून दिलेलं आहे का?