जादा शिक्षण आणि कमी समाधान: परिचारिकांच्या तक्रारीतला घोळ

परिचारिकांच्या राजीनाम्यांचा विषय निघाला, की ‘त्या ओव्हरक्वालिफाइड आहेत, म्हणून असमाधानी आहेत’ असे एका दमात म्हटले जाते. या वाक्यातला ‘म्हणून’ मला वर्षानुवर्षे खटकत आला आहे.

नोकरीतले समाधान सर्वांच्या परिचयाचे आहे. पगार, बढती, वरिष्ठांची वागणूक, सहकारी, कामाचे स्वरूप अशा अनेक गोष्टींचा तो एकत्रित हिशेब असतो. मानसशास्त्रज्ञ पॉल स्पेक्टर यांची १९८५ची प्रश्नावली या समाधानाची नऊ अंगे मोजते. अतिपात्रतेची, म्हणजे आपण ओव्हरक्वालिफाइड असल्याची, जाणीव मात्र एकाच गोष्टीकडे पाहते: मला जे येते, त्यातले या कामाला किती लागते?

जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी ही पदविका) तीन वर्षांचे, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे आणि एम.एस्सी. त्यापुढे आणखी दोन वर्षांचे. तरीही अनेक ठिकाणी तिघींची नेमणूक ‘स्टाफ नर्स’ अशीच होते. अतिदक्षता परिचर्येत एम.एस्सी. केलेली परिचारिका पाळीतला बराच वेळ औषधांचे इंडेंट (मागणीपत्र) लिहिण्यात आणि चादरी मोजून घेण्यात घालवते. शेजारच्या वॉर्डातील जीएनएम झालेल्या परिचारिकेला तिचे सारे शिक्षण रोज पणाला लावावे लागते. पण रात्रपाळीला ती एकटी असते आणि कंत्राटी पगार लांबतो. ‘एवढे शिकून काय उपयोग?’ हे वाक्य दोघींच्याही तोंडी येते, आणि घोळ नेमका इथेच होतो. पगार दुप्पट, वेळेवर आणि सोबतीला आणखी एक परिचारिका दिली, तर दुसरीची तक्रार बव्हंशी मिटेल. पहिलीचे समाधान त्याने वाढेल, पण तिला चादरीच मोजाव्या लागतील. घराजवळ आणि सोयीची पाळी मिळते म्हणून जाणूनबुजून असे पद पत्करणारी तिसरी तर अतिपात्रही असते आणि समाधानीही.

(कागदावरची जादा पदवी आणि मनातली जाणीव यांतही फरक आहे, तो मात्र सहज उमगतो.)

एर्दोगान आणि बाउअर या संशोधकांनी २००९ मध्ये तुर्कस्तानातील कापड दुकानांच्या कर्मचाऱ्यांविषयी दाखवले, की कामात अधिकार आणि स्वायत्तता जाणवत असेल तेथे अतिपात्रतेच्या जाणिवेचा समाधानावरील दुष्परिणाम कमी होतो. दुकान आणि वॉर्ड यांत अंतर आहे, हे मान्य. तरीही पहिलीकडे नवख्या परिचारिकांचे प्रशिक्षण किंवा शय्याव्रण (अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना होणाऱ्या जखमा) टाळण्याची कार्यपद्धती सोपवणे मला सकारात्मक विचारांच्या व्याख्यानापेक्षा कितीतरी शहाणपणाचे वाटते. तेच काम दुसरीच्या माथी मारले, तर मात्र तिच्या रात्रपाळीत फक्त एका रजिस्टरची भर पडेल.