भौतिकशास्त्रातून वातावरणशास्त्रात पीएचडी: पात्रता, परीक्षा आणि कागदपत्रं

एमएस्सी फिजिक्सला हवामानाचा एकही पेपर नव्हता, म्हणून वातावरणशास्त्राच्या पीएचडीचा अर्जच न भरणारे विद्यार्थी भेटतात, तेव्हा मनापासून हळहळ वाटते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेसारख्या (आयआयटीएम) ठिकाणी पीएचडीच्या अर्जाला भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवीही चालते. धुकं, ढग, हवेतले धूलिकण यांच्या मुळाशी थर्मोडायनॅमिक्स, फ्लुइड मेकॅनिक्स आणि प्रकाशाचं विकिरणच तर आहे.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) 2022 च्या पीएचडी नियमांनुसार पदव्युत्तर पदवीला किमान 55 टक्के लागतात. एससी, एसटी, ओबीसी (नॉन-क्रीमीलेयर), दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना 5 टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट यायचं असेल, तर 75 टक्के हवेत. संस्थेच्या जाहिरातीत याहून कडक अट असू शकते, तेव्हा ती शेवटपर्यंत वाचा.

खरा निर्णय परीक्षेचा. सीएसआयआर-यूजीसी नेटला तुमच्यापुढे दोन पेपर असतात: फिजिकल सायन्सेस, किंवा पृथ्वी, वातावरण, सागर आणि ग्रहविज्ञानाचा. दुसऱ्याचं नाव ऐकूनच फिजिक्सवाले बिचकतात. पण त्याचा भाग क नीट बघा. 80 पैकी फक्त 25 प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी 4 गुण, म्हणजे 200 पैकी 100 गुण तिथेच. खडक-खनिजांचे प्रश्न सोडून वातावरण आणि सागराच्या गणितांवर भर देता येतो. भाग ब मध्ये मात्र 50 पैकी 35 सोडवायचे असल्यामुळे भूशास्त्राची तोंडओळख करून घ्यावीच लागते. हाताशी सहा महिने असतील तर मी हाच पेपर सुचवेन. दोनच महिने असतील तर फिजिकल सायन्सेस बरा. नेटमधून जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली की पहिली दोन वर्षं दरमहा 37,000 रुपये, त्यानंतर 42,000, घरभाडं वेगळं.

गेट या दुसऱ्या प्रवेश परीक्षेतून जायचं तर एक्सई (इंजिनिअरिंग सायन्सेस) पेपर आहे. त्यात गणित सक्तीचं आणि दोन विभाग आपल्या पसंतीचे. फ्लुइड मेकॅनिक्स आणि वातावरण व सागरी विज्ञान ही जोडी घ्या, एकाचा अभ्यास दुसऱ्याला कामी येतो. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो.

कागदपत्रांत दहावीचं प्रमाणपत्र, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी किंवा प्रोव्हिजनल प्रमाणपत्र, नेट-गेटचं स्कोअरकार्ड हे नेहमीचंच. अर्ज अडतो तो भलतीकडेच. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी; अर्जात दहावीप्रमाणेच नाव लिहा. सीजीपीए असेल तर टक्केवारीत रूपांतर करण्याचं सूत्र विद्यापीठाकडून लेखी घ्या. ओबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडल्यामुळे गुण असूनही आरक्षणाचा लाभ हुकतो. ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र चालू आर्थिक वर्षाचं हवं. नोकरीत असाल तर कार्यालयाचं ना-हरकत पत्र आजच मागा.

संशोधनाचा आराखडा मागितला असेल, तर ‘मला पर्यावरणाची आवड आहे’ अशी सुरुवात नको. थेट प्रश्न मांडा. उदाहरणार्थ, कोरडी हवा वर चढताना दर किलोमीटरला सुमारे 9.8 अंश सेल्सिअसने थंड होते. गुरुत्वत्वरणाला स्थिर दाबावरच्या विशिष्ट उष्माधारकतेने भागलं की हाच आकडा येतो. हिवाळ्यात पहाटे मात्र जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते, त्यामुळे चुलीचा धूर थोडासा वर जाऊन आडवा पसरतो. हा थर किती जाड, सूर्योदयानंतर तो कधी मोडतो आणि तोवर त्यात धूलिकण किती साठतात, हा पीएचडीचा प्रश्न झाला. आयआयटीएमने 2015 पासून दिल्ली विमानतळावर धुक्याची मोजणी केली आहे. अशी मोजमापं तुम्ही कशी वापराल, हे दोन परिच्छेदांत लिहा. मुलाखतीत हवा थंड होण्याचं वरचं समीकरण फळ्यावर मांडायला सांगू शकतात.

शिफारसपत्रं ज्यांनी तुमचा प्रकल्प पाहिला आहे त्या सरांकडून किंवा मॅडमकडून घ्या, आणि शेवटच्या तारखेच्या तीन आठवडे आधी त्यांना हा आराखडा वाचायला द्या.