घन उत्प्रेरकांची जलद चाचणी

घन उत्प्रेरकांची जलद चाचणी : रासायनिक विक्रियेचा वेग वाढवणारे नवे घन पदार्थ हुडकण्यासाठी शेकडो नमुने एकाच वेळी किंवा लागोपाठ तपासण्याची पद्धत. धातू, आधारक (ज्यावर धातू पसरवतात तो घन पदार्थ), सहायक द्रव्ये आणि भाजण्याचे तापमान यांच्या जोड्या अगणित होतात. त्यांतली कोणती सरस ठरेल हे केवळ सिद्धांतावरून छातीठोकपणे सांगता येत नाही.

पद्धत यंत्रमानवांच्या काळातली वाटते. मूळ मात्र जुने आहे. जर्मन रसायनज्ञ फ्रिट्झ हाबर यांच्या अमोनिया संश्लेषणात (नायट्रोजन व हायड्रोजनपासून अमोनिया बनवण्यात) ऑस्मियम धातू उत्प्रेरक म्हणून उत्तम चाले, पण ते अतिदुर्मिळ. म्हणून १९०९ पासून बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीत आल्विन मिटाश यांच्या गटाने छोट्या उच्चदाब नळ्यांत एकेक पदार्थ घालून पाहण्याचा सपाटा लावला. १९१२ पर्यंत सुमारे २,५०० पदार्थांवर ६,५०० चाचण्या झाल्या. स्वीडनच्या खाणीतले मॅग्नेटाइट हे लोहखनिज अनपेक्षितपणे सरस निघाले, शुद्ध लोह फिके पडले. करामत अशुद्धींची होती! मग अल्युमिना आणि पोटॅशियमची संयुगे मुद्दामच मिसळली जाऊ लागली.

१९९० च्या दशकात एका तबकडीवरच सारे नमुने मांडण्याची रीत रुळली. खळग्यांत धातुक्षारांचे द्रावण थेंबाथेंबाने सोडायचे, वाळवून भाजायचे, वरून विक्रियेचे वायू सोडायचे आणि अवरक्त कॅमेऱ्याने पाहायचे: विक्रिया उष्णता सोडणारी असेल, तर क्रियाशील नमुना तापून उजळ दिसतो. मात्र तापमान सारखे असले तरी निरनिराळी चूर्णे कमीजास्त प्रारण सोडतात. ही तफावत आधी मोजून वजा केली नाही तर चित्र फसवते. त्याहून मोठी अडचण अशी की उष्णता उत्पादिताचे नाव सांगत नाही. प्रोपिलिनचे अंशतः ऑक्सिडीकरण हवे असताना ते जाळून पुरता कार्बन डायऑक्साइड करणारा नमुनाच सर्वांत झगझगीत दिसतो, म्हणजे नेमका नको असलेला.

निवडकता (हवे तेच उत्पादित किती बनते) तपासायची तर प्रत्येक खळग्यावरचा वायू नळीने ओढून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये (रेणू त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणाऱ्या उपकरणात) न्यावा लागतो. विद्युत्-उत्प्रेरकांसाठी (विद्युत अग्रांवरच्या विक्रियांचा वेग वाढवणाऱ्या पदार्थांसाठी) वेगळी युक्ती आहे. मिथेनॉलच्या ऑक्सिडीकरणात प्रोटॉन सुटतात, म्हणून आम्लतेनुसार चमकणारे द्रव्य द्रावणात घातले जाते. १९९८ मध्ये प्लॅटिनम, रुथेनियम, ऑस्मियम, इरिडियम व ऱ्होडियम यांची ६४५ मिश्रणे अशी तपासली गेली.

पहिल्या चाळणीतून उरलेले नमुने समांतर सूक्ष्म विक्रियापात्रांत जातात आणि तिथे गॅस क्रोमॅटोग्राफने (वायुमिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणाने) मोजमाप होते. तरीही काही तासांच्या चाचणीत उत्प्रेरकाचे आयुष्य कळत नाही. तबकडीवरच्या पातळ थराला जमते ते कारखान्यात वापरतात त्या उत्प्रेरकाच्या गोळीला जमेलच असे नाही, कारण गोळीच्या गाभ्यापर्यंत वायू पोचायला वेळ लागतो.